"किती उंच नेतोस रे ते?" – एका डबीचा इतिहास



मी इथे छोटं विमान चालवायला शिकतोय हे घरी फोनवर सांगितलं तेव्हा आईने "सांभाळून रे बाबा" म्हटलं आणि लगेच पुढचा प्रश्न टाकला, "किती उंच नेतोस रे ते?"

मी ऐटीत म्हणालो, "साडेचार हजार फूट."

मागून बाबांचा आवाज आला, "कुठून?"

बाबा पाटबंधारे खात्यात होते. सगळी नोकरी लेव्हल आणि स्टाफ घेऊन कालव्यांच्या कडेने उन्हात उभं राहण्यात गेली. उंची म्हटली की त्यांचा पहिला प्रश्न "कुठून" हाच असणार. "समुद्रसपाटीपासून," मी म्हणालो. "मग समुद्र कुठाय तिथे? आणि वर बसून तुला तो कसा कळतो?"

मी राहतो अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये. सगळ्यात जवळचा समुद्र हजारभर किलोमीटर लांब. आजूबाजूला मका, सोयाबीन, पुन्हा मका. प्रश्न रास्त होता आणि मला धड उत्तर देता आलं नाही. "अल्टिमीटर असतो," एवढं बोलून मी विषय बदलला. पण तो प्रश्न डोक्यात राहिला, आणि त्यातून बरंच वाचन झालं. म्हणून हे लांबलचक पत्र. कंटाळा आला तर खुशाल डिलीट करा.

लहानपणी आपण सगळ्यांनी रेल्वे स्टेशनावरच्या पिवळ्या पाट्या वाचल्यात. खाली बारीक अक्षरात समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. कर्जतला कमी, गाडी घाट चढून लोणावळ्याला आली की एकदम सहाशे मीटरच्या वर. ती उंची कोणीतरी जमिनीवरून पावलापावलाने मोजत आणलेली असते. बाबांसारख्या माणसांनी. विमानात तसं काही करता येत नाही. खाली पट्टी सोडता येत नाही. छोट्या विमानात रडारचा अल्टिमीटर नसतो, तो मोठ्या विमानांचा थाट. आमच्या सेसना १७२ मध्ये असते घड्याळासारखी एक गोल तबकडी, तिच्यावर दोन-तीन काटे, आणि आत पितळेसारख्या पातळ पत्र्याची एक हवा काढून टाकलेली डबी. बस्स. ती डबी उंची मोजतच नाही. ती हवेचा दाब मोजते. उंची आपण तिच्या तोंडी घालतो.

ही कल्पना कोणाला सुचली हे बघायला गेलं तर विमानाच्या अडीचशे वर्षं आधी जावं लागतं. इटलीत टॉरिचेलीने १६४३-४४ च्या सुमारास पाऱ्याची नळी उलटी करून दाखवली होती. फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कालच्या मनात आलं, की नळीतला पारा जर वरच्या हवेच्या ओझ्यामुळे उभा राहत असेल, तर डोंगरावर ओझं कमी, म्हणजे पाराही खाली यायला हवा. पास्कालची तब्येत तोळामासा. डोंगर चढायचं काम त्याने पाहुण्यांच्या गळ्यात घातलं. त्याच्या बहिणीचा नवरा फ्लोरॅं पेरिए क्लेरमॉं गावी राहायचा, आणि गावाजवळच प्यूय द डोम नावाचा जुना ज्वालामुखी आहे. १९ सप्टेंबर १६४८ ला पेरिए काही प्रतिष्ठित मंडळींना घेऊन नळ्या आणि पारा सांभाळत वर गेला. पायथ्याशी २६ इंचांच्या थोडा वर असलेला पारा माथ्यावर २३ च्या जरासा वर भरला. तीन इंचांहून जास्त फरक! (हे जुने फ्रेंच इंच, आपल्यापेक्षा किंचित मोठे.) मेव्हण्याने कळवलेला निकाल वाचून पास्कालला काय वाटलं असेल याची कल्पना करा.

पण मला या गोष्टीत सगळ्यात आवडला तो वर न गेलेला माणूस. पेरिएने तशीच दुसरी एक नळी खाली मठाच्या बागेत उभी केली होती, आणि शास्तॅं नावाच्या एका साधूला तिच्यापाशी दिवसभर बसवून ठेवलं होतं. त्याचं काम एकच, पारा हलतो का बघायचं. तो हलला नाही. म्हणून वरचा फरक डोंगरामुळेच पडला, हवापालटामुळे नाही, हे ठामपणे म्हणता आलं. टेस्टिंगमधल्या मंडळींच्या लगेच लक्षात येईल की हा कंट्रोल आहे. या साधूला लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

पुढची दोनशे वर्षं पटकन उरकतो. १ डिसेंबर १७८३ ला पॅरिसहून जाक शार्ल हायड्रोजनच्या बलूनमधून उडाला तेव्हा त्याने बॅरोमीटर सोबत घेतला होता. हवेत उंची मोजण्याची ही सुरुवात. पण काचेच्या नळीत पारा घेऊन हिंदकळत उडणं म्हणजे कसरतच. १८४४ मध्ये ल्यूसिएं विदी नावाच्या फ्रेंच माणसाने पारा काढून टाकला आणि हवा काढलेली पातळ पत्र्याची डबी आणली. बाहेरचा दाब कमी झाला की डबी फुगते, वाढला की दबते, आणि तरफा त्या हालचालीने काटा फिरवतात. हा ऍनेरॉइड बॅरोमीटर. पूर्वी काही घरांत भिंतीवर "पाऊस / बदल / स्वच्छ" लिहिलेली गोल तबकडी असायची ना, तीच ही. तिच्यावरचं "पाऊस" खोडून फूट लिहिले की झाला अल्टिमीटर! पहिल्या महायुद्धातले वैमानिक जवळपास हेच वापरत. उडण्याआधी तबकडी फिरवून काटा शून्यावर आणायचा आणि निघायचं. म्हणजे उंची मोजली जायची ती ज्या मैदानावरून उडालो तिथून.

अडचण अशी की काटा मंद आणि ढोबळ. डबीची हालचाल असते जेमतेम, दातेरी चाकं ओबडधोबड, मधलं घर्षण सगळी मजा खाऊन टाकायचं. शे-दोनशे फुटांची चूक म्हणजे काहीच नाही. उजेडात, डोळ्यांनी बघून उडणाऱ्याला ते चालत होतं. ढगात किंवा धुक्यात खाली उतरणाऱ्याला शंभर फूट म्हणजे आयुष्य.

इथे गोष्टीत येतो पाउल कोल्समन. १९०० मध्ये जर्मनीत जन्मलेला, इंजिनियरिंग शिकलेला, १९२३ मध्ये अमेरिकेत आलेला. (आपल्यातलाच एक म्हणा ना. व्हिसाची भानगड तेव्हा वेगळी होती एवढंच.) ब्रुकलिनमध्ये विमानाची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत त्याने नोकरी केली. तिथे त्याच्या लक्षात आलं की डबी वाईट नाही, तिच्यामागची चाकं वाईट आहेत. १९२८ मध्ये ५०० डॉलर घालून त्याने स्वतःची कंपनी काढली आणि चाकं बनवायला दिली ती घड्याळं बनवणाऱ्यांकडे. एवढीच युक्ती. विमानवाल्यांना न सुचलेली गोष्ट घड्याळवाल्यांना रोजची होती. या नव्या अल्टिमीटरचा मोठा काटा दर हजार फुटांना एक पूर्ण फेरी मारतो. त्यामुळे काही फुटांचा फरकही डोळ्याला दिसू लागला.

चाचणी झाली ती २४ सप्टेंबर १९२९ ला, न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या मिचेल फील्डवर. वैमानिक लेफ्टनंट जिमी डूलिटल. तुमच्यापैकी कोणी 'पर्ल हार्बर' सिनेमा पाहिला असेल तर ॲलेक बाल्डविनने केलेला तो डूलिटल, १९४२ मध्ये टोकियोवर बॉम्बहल्ला करणारा. पण हा गडी नुसता धाडसी नव्हता, १९२५ मध्ये एमआयटीतून त्याने डॉक्टरेट घेतली होती. गुगेनहाइम फंडाच्या पैशावर तो वर्षभर एकाच प्रश्नामागे होता, बाहेर काहीही न बघता विमान उडवून परत उतरवता येईल का?

त्या दिवशी पहाटे खरंच धुकं होतं. डूलिटल एकटाच एक फेरी मारून आलासुद्धा. मग ज्यांचा पैसा ते हॅरी गुगेनहाइम आले, तोवर धुकं विरळ व्हायला लागलं होतं. अधिकृत उड्डाण करायचं ठरलं. विमान दोन पंखांचं, कन्सॉलिडेटेड एनवाय-२. मागच्या सीटवर डूलिटल, त्याच्यावर कापडी छप्पर असं ओढून घेतलेलं की बाहेरचा उजेडसुद्धा दिसू नये. पुढे बेन केल्सी, काही बिघडलंच तर सावरायला. केल्सीने हात बाहेर सगळ्यांना दिसतील असे ठेवले होते, म्हणजे पुढे कोणी शंका घ्यायला नको. डूलिटलसमोर होतं स्पेरीचं कृत्रिम क्षितिज, दिशा दाखवणारा जायरो, रेडिओ बीकनचा काटा आणि कोल्समनचा अल्टिमीटर. उडाला, वर गेला, वळला, मैदानावरून गेला, पुन्हा वळला, खाली आला, उतरला. सगळं मिळून पंधरा मिनिटं. लँडिंग काही सुबक झालं नाही असं त्यानेच पुढे लिहून ठेवलंय. तरी जमिनीकडे एकदाही न बघता जमिनीवर येण्याची ही पहिलीच पूर्ण फेरी. कोल्समनची ऑर्डरबुकं पुढे भरली यात नवल नाही.

आता याच काळातलं आपल्याकडचं एक उड्डाण शेजारी ठेवून बघा. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा पुस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबले आणि मुंबईत जुहूला उतरले. एक इंजिन, सोबत रेडिओ नाही. जुहूला पक्की धावपट्टीही नव्हती, किनाऱ्याजवळची सपाट जमीन. समजा कराची आणि मुंबईच्या हवेच्या दाबात त्या दिवशी फरक असता, तर जेआरडींचा अल्टिमीटर जुहूला शून्य दाखवता ना, आणि हे त्यांना वाटेत कळवायला कोणी नव्हतं. अर्थात स्वच्छ हवा आणि डोळे असले की काही अडत नाही. डूलिटलला मात्र डोळ्यांची मुभा नव्हती. तो पंधरा मिनिटांत त्याच मैदानावर परत आला, म्हणून दाब बदलायला वेळच मिळाला नाही.

खरी मेख इथेच आहे. डबी कितीही बारीक बनवा, तिला फक्त दाब कळतो. आणि दाब दोन कारणांनी बदलतो. एक, तुम्ही वर-खाली गेलात. दुसरं, हवा बदलली. डबीला या दोन्हींतला फरक कळण्याचा मार्गच नाही. वादळी, कमी दाबाच्या प्रदेशात तुम्ही सरळ रेषेत उडत गेलात तर तिला वाटतं आपण वर चाललोय. तुम्ही काटा जागेवर ठेवण्यासाठी हळूहळू नाक खाली करता, आणि काटा तिथेच राहून विमान खाली खाली येतं. म्हणून कोल्समनच्या अल्टिमीटरच्या तोंडावर एक छोटी खिडकी असते. शेजारचा खुंटा पिळून तिच्यात त्या भागातला, समुद्रसपाटीला आणलेला दाब लावायचा. खिडकीला आजही कोल्समन विंडो म्हणतात. आणि तो आकडा सांगायला खाली कोणीतरी लागतो. पेरिएचा साधू आठवला? तोच तो. आता प्रत्येक बऱ्यापैकी विमानतळावर एक यंत्र त्याचं काम करतं आणि रेडिओवर रेकॉर्डेड आवाजात वारा, ढग आणि दाब सांगत बसतं.

अमेरिकेत हा दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात. प्रमाण मानलेला आकडा २९.९२. एका इंचाला ढोबळ हजार फूट, म्हणजे शेवटच्या आकड्याला दहा फूट. हे मला पाठ होतं, परीक्षेत बरोबर लिहिलंही होतं. आता माझी फजिती ऐका.

लायसन्स मिळून चार-पाच महिने झाले होते. नोव्हेंबरचा शनिवार, एकटाच पश्चिमेकडे दोन तासांवरच्या गावी निघालो. निघताना दाब ३०.१२, व्यवस्थित लावला. पश्चिमेला जाणाऱ्याने डोळ्यांनी बघून उडताना सम हजार अधिक पाचशे उंची धरायची असा नियम आहे (पूर्वेला जाणाऱ्याने विषम हजार अधिक पाचशे), म्हणून मी ४५००. समोरून ढगांची फळी येत होती, पण लांब. हवा गुळगुळीत, काटा ४५०० वर चिकटवल्यासारखा. मी स्वतःवर खूश होतो. वाटेत एका केंद्राशी रेडिओवर बोलायचं होतं. तिथली बाई म्हणाली, तुमची उंची सांगा. मी रुबाबात म्हणालो, "फोर थाउजंड फाइव्ह हंड्रेड." दोन सेकंद शांतता. मग अगदी सपाट आवाजात, "अल्टिमीटर टू नायनर सेवन एट."

२९.७८. मी खुंटा पिळला आणि काटा डोळ्यांदेखत खाली घसरला. ४१६० फूट. तासाभरात मी ३४० फूट खाली आलो होतो आणि मला पत्ता नव्हता. खाली सपाट शेतं, डोंगर नाही, म्हणून जमिनीची भीती नव्हती. पण उपकरणांवर, ढगातून जाणारी विमानं पूर्ण हजारांवर उडतात. पश्चिमेला जाणारा असा कोणी माझ्याखाली ४००० वर असता, तर आमच्यात नियमाप्रमाणे ५०० फूट आणि खरे १६०. होता की नव्हता मला माहीत नाही. परत येऊन इन्स्ट्रक्टरला सांगितलं. सत्तरीचा म्हातारा, ओरडेल असं वाटलं होतं. त्याने फक्त विचारलं, "वाटेत किती वेळा दाब विचारलास?" एकदाही नाही, मी म्हणालो. तो म्हणाला, "मग तू उंचीवर उडत नव्हतास. तू सकाळी किती होतं त्यावर उडत होतास." त्यानंतर नीमावर रात्री बराच वेळ जागा होतो.

(वरच्या वाक्यातलं "नीमावर" हे टायपिंगचं भूत आहे, "नंतर" वाचावं. ठेवलंय तसंच.)

आता तिकडच्या, म्हणजे इंग्लंड-दुबईच्या मंडळींसाठी. तुमच्याकडे दाब हेक्टोपास्कलमध्ये. प्रमाण आकडा १०१३. आणि तुमच्याकडे तारायंत्राच्या काळातले सांकेतिक शब्द टिकून आहेत. क्यूएनएच लावला तर धावपट्टीवर उभं असताना अल्टिमीटर त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो, क्यूएफई लावला तर शून्य. म्हणजे पुण्याच्या विमानतळावर पहिल्याने १९४० फुटांच्या आसपास आणि दुसऱ्याने शून्य. इंग्लंडमधले हौशी वैमानिक उतरताना अजून क्यूएफई वापरतात. अमेरिकेत तो जवळपास नाहीच. इंच आणि हेक्टोपास्कल यांच्या सरमिसळीत एक खास सापळा आहे. रेडिओवर घाईत "नाइन नाइन टू" ऐकू आलं, आणि अमेरिकेत शिकलेल्या माणसाने ते २९.९२ समजून लावलं, तर खरा दाब ९९२ असताना विमान तबकडीपेक्षा सुमारे ६०० फूट खाली.

हे जुने किस्से नव्हेत. २३ मे २०२२ ला पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर एका एअरबस ए३२० ला पावसात उतरताना दाब सांगितला गेला १०११. खरा होता १००१. एका आकड्याची चूक, सुमारे २८० फूट. धावपट्टी दिसली नाही म्हणून वैमानिकांनी विमान वर उचललं. नंतरच्या चौकशीत कळलं की सगळ्यात खाली असताना ते जमिनीपासून फक्त ६ फुटांवर होतं, आणि धावपट्टी अजून दीडेक किलोमीटर पुढे होती. सगळे वाचले. साधूने चुकीचं वाचलं की वरचा माणूस काय करणार?

मग सगळे चुकतात तर विमानं एकमेकांवर आपटत का नाहीत? याचं उत्तर मला फार आवडलं. खूप वर गेलं की (अमेरिकेत १८,००० फूट, इतर देशांत ठिकाणानुसार आणि पुष्कळदा बरंच खाली) स्थानिक दाब लावणं सोडूनच देतात. सगळ्यांनी २९.९२ किंवा १०१३ लावायचा. मग खरा दाब काहीही असो. सगळ्यांचा आकडा चुकतो, पण सारखाच चुकतो, त्यामुळे दोघांमधलं अंतर राहतं. आपल्या धंद्यात सर्व्हरवर वेळ यूटीसीत ठेवतात आणि दाखवताना स्थानिक करतात ना, अगदी तसंच. माझ्या सेसनाचा ट्रान्सपाँडरसुद्धा खाली पाठवतो ती उंची कायम २९.९२ धरून. मी खिडकीत काय लावलंय याच्याशी त्याला कर्तव्य नाही. स्थानिक दाबाचा हिशेब खालचा कॉम्प्युटर करतो. म्हणूनच त्या बाईला माझी खरी उंची दिसत होती आणि मला दिसत नव्हती.

या कराराची किंमत भारताने मोजली आहे. १२ नोव्हेंबर १९९६ ला दिल्लीच्या पश्चिमेला चरखी दादरीवर सौदीचं ७४७ दिल्लीहून वर चाललं होतं, त्याला १४,००० फुटांपर्यंत परवानगी. कझाकस्तानचं इल्युशिन ७६ खाली येत होतं, त्याला १५,०००. मधे हजार फूट. कझाक विमान १५,००० वर थांबलं नाही, खाली घसरत गेलं. ३४९ माणसं गेली, एकही वाचला नाही. त्या विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा होता, त्याच्यासमोर स्वतःचा अल्टिमीटरच नव्हता, त्याला वैमानिकांच्या खांद्यावरून बघावं लागे. शिवाय घरी सवय मीटरची आणि दिल्लीत फूट. त्यानंतर भारताने विमानांमध्ये टक्कर टाळण्याची यंत्रणा सक्तीची केली. सौदीच्या विमानात पोटासाठी आखातात निघालेले आपले बरेच लोक होते. आखातातल्या जुन्या मंडळींना तो दिवस आठवत असेल.

आणि आकडा अचूक असला तरी डबीला डोंगर दिसत नाही तो नाहीच. ७ जुलै १९६२ ला रात्री पावसात मुंबईकडे येणारं अलिटालियाचं डीसी-८ जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. ९४ जण गेले. वैमानिकांना वाटलं आपण मुंबईच्या बरेच जवळ आलो, म्हणून ते लवकर खाली उतरले. जुन्नरकडचे ट्रेकर मित्र त्या बाजूला जाऊन आलेत. आपण जिथे भाकरी-ठेचा खात बसतो तो कडा रात्री वरून काळ्या आकाशात मिसळलेला असतो.

पुष्कळजण विचारतात, की आता जीपीएस आहे ना, मग ही १८४४ ची डबी कशाला? माझ्या टॅब्लेटवर जीपीएसची उंची दिसते, आणि ती बऱ्याचदा जमिनीपासूनच्या अंतरासाठी जास्त विश्वासू असते. पण जीपीएसला तरी समुद्र कुठे ठाऊक आहे? तो मोजतो पृथ्वीच्या गणिती आकारापासून, आणि खरा समुद्र त्या आकाराशी जुळत नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर समुद्राची पातळी त्या आकारापेक्षा शंभरेक मीटर खाली आहे. म्हणजे तिथेही एक दुरुस्ती आलीच. आणि मुख्य म्हणजे, एकाने जीपीएसवर आणि दुसऱ्याने दाबावर ५००० फूट धरले, तर थंडीच्या दिवसांत त्या दोन ५००० मध्ये काहीशे फुटांचा फरक पडू शकतो. १ जानेवारी २०२० पासून अमेरिकेत बहुतेक गजबजलेल्या आकाशात एडीएस-बी सक्तीचं झालं. जीपीएसवर चालणारी यंत्रणा, तरी ती दाबाची उंचीही पाठवते, आणि विमानांना वेगळं ठेवायला तीच वापरतात.

उडण्याआधी विमानाभोवती फेरी मारताना मी आता एका जागी जास्त थांबतो. सेसनाच्या डाव्या कुशीवर, दाराच्या पुढे, एक छोटं भोक असतं. डबीला बाहेरची हवा तिथून मिळते. त्यात गांधीलमाशी घर करते, पाणी जातं, विमान धुताना कोणी चिकटपट्टी लावून विसरतं. २ ऑक्टोबर १९९६ ला पेरूमध्ये एका ७५७ चं असंच झालं. भोकांवरची पट्टी तशीच राहिली, रात्री समुद्रावर वैमानिकांना उंची कळेना. त्यांनी खालच्या कंट्रोलरला विचारलं. त्याने पडद्यावरची उंची वाचून दाखवली. पण ती उंचीही त्याच बुजलेल्या भोकातून आलेली होती! ७० माणसं गेली. आमच्या विमानात अशा वेळी आतली हवा डबीला देणारा एक खुंटा असतो. जुन्या विमानात तोही नसेल तर इन्स्ट्रक्टरने सांगितलेला उपाय असा, की चढ-उताराचा वेग दाखवणाऱ्या तबकडीची काच फोडायची.

गेल्या महिन्यात आईबाबा इथे आले तेव्हा बाबांना बरोबर घेऊन गेलो. आई खालीच थांबली, "तुम्ही दोघं जा, मी इथून बघते." उडण्याआधी रेडिओवरचा दाब ऐकून मी खिडकीत लावला, काट्याने विमानतळाची उंची बरोबर दाखवली. बाबांनी वाकून बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे हा बेंचमार्क झाला तर. परत येताना पुन्हा ताडून बघायचा." परत आलो तेव्हा काटा वीस फूट जास्त दाखवत होता. बाबांनी ते आपल्या डायरीत वेळेसकट लिहून घेतलं.

कोणी या बाजूला आलात तर जरूर कळवा, एक चक्कर मारू.

कळावे, लोभ असावा.